बूट घालून आत आलेला सांता

आमचे हे तातामी करतात, म्हणजे घरोघरी जमिनीवर बसवतात त्या गवताच्या जाड चटया. दिवसभरात ह्यांच्या तोंडून "हं", "नको" आणि "चहा" एवढं निघालं, की मी समजते आज गप्पा रंगल्या. पण कुरायोशीतल्या आमच्या गल्लीच्या बालवाडीत गेली बावीस वर्षं ख्रिसमसला सांता होतात ते हेच. इथे जपानात ती जोडप्यांची रात्र, बाकीच्या बायका चोवीस तारखेला नवऱ्याच्या हातात हात घालून रोषणाई बघत फिरतात. मी ह्यांच्या पोटावर उशी बांधते आणि कापसाची दाढी विंचरते.

नोव्हेंबरात मी ख्रिसमसच्या तळलेल्या कोंबडीचा डबा सांगून ठेवायला रांगेत उभी होते. मागून बालवाडीच्या मुख्याध्यापिका निशिगाकी बाई आल्या.

"ओकित्सू-सान, यंदा जरा एक विनंती होती," त्या इतक्या गोड आवाजात म्हणाल्या, की मला तिथेच धडकी भरली. "इंग्रजीला ते कॅलम मास्तर आलेत ना, ऑस्ट्रेलियाचे. त्यांची दाढी खरी आहे हो. पोटसुद्धा."

"मग ह्यांनी काय करायचं?"

"रेनडिअर. शिंगं आम्ही देऊ."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दरवर्षी बाईंच्या घरी माझ्या हातचा स्ट्रॉबेरीचा केक जातो, तो यंदा बंद, असं मी मनात ठरवूनच टाकलं. घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे "हं" म्हणाले. मग कपाटातून तो लाल कोट काढला, घडी मोडली, परत घातली, परत मोडली. आम्हाला मूलबाळ नाही. वर्षातून त्या एका सकाळी चाळीस पोरं धावत येऊन ह्यांच्या अंगावर पडतात, आणि तेवढ्यावर हा माणूस वर्ष काढतो.

चोवीसच्या सकाळी हे तपकिरी पायजमा घालून, शेपटी, शिंगं आणि नाकावर लाल गोळा लावून आरशासमोर उभे राहिले.

"कसा दिसतोय?"

"गाढवासारखे."

"गाढवाला शिंगं नसतात," हे म्हणाले आणि निघाले.

बालवाडीत पोरं गाणं म्हणत होती. मी ह्यांच्याबरोबर कोपऱ्यात उभी. तेवढ्यात दार उघडलं आणि कॅलम मास्तर "हो हो हो" करत आले. दिसत होते रुबाबदार, खोटं कशाला बोलू. पण गुडघ्यापर्यंतचे काळे बूट घालून हा गृहस्थ तडक पायरी चढून आतल्या पुसलेल्या जमिनीवर आला.

गाणं थांबलं.

"बूट," पाच वर्षांची सुमिरे म्हणाली.

"बूट घालून आत आला," दुसरा म्हणाला. "चोर आहे तो."

एकाने भोकाड पसरलं, मग चाळिसांनी. मास्तरांना वाटलं आपला आवाज कमी पडतोय. त्यांनी आणखी मोठ्याने "हो हो हो" केलं आणि चार पावलं पुढे आले. पोरं पियानोखाली शिरली.

"अरे बाळांनो, हेच खरे सांता आहेत," निशिगाकी बाई काकुळतीला आल्या.

"नाहीत," सुमिरे पियानोखालून म्हणाली. "खरे सांता दारात बूट काढतात. बुटांची तोंडं दाराकडे करून ठेवतात. मग वाकून 'त्रास देतोय हं' म्हणतात. आणि उठताना 'आई गं' म्हणतात."

मला असा आनंद झाला म्हणून सांगू. मी ह्यांची शेपटी घट्ट धरली. "गप्प उभे राहा. होऊ दे फजिती."

पण हे माझं कधी ऐकतात? शेपटी माझ्या हातात राहिली आणि हे गेले. मास्तरांना हाताला धरून दारात नेलं, पायरीवर बसवलं आणि बूट ओढायला लागले. बूट निघेना. ह्यांनी भिंतीला पाय लावून जोर केला, तर बुटासकट उताणे पडले आणि एक शिंग मोडलं. पोरं खो खो हसायला लागली. ह्यांनी दोन्ही बूट जोडीने ठेवले, तोंडं दाराकडे वळवली, मास्तरांना सपाता दिल्या आणि मान दाबून वाकायला लावलं. मास्तर मोडकंतोडकं "त्रास देतोय हं" म्हणाले. मग हे गुडघ्यावर हात ठेवून उठले. "आई गं."

पोरं शहाण्यासारखी रांगेत उभी राहिली. मास्तर भेटी वाटायला लागले आणि हे उरलेल्या एका शिंगानिशी पोतं धरून बाजूला उभे राहिले. कुणी ह्यांच्याकडे बघेना. मला वाटलं, संपलं आता, पुढच्या वर्षीही लाल कोट त्या दाढीवाल्याचाच.

सुमिरे मात्र रांगेतून बाहेर पडून ह्यांच्यापाशी आली. बाही ओढून तिने ह्यांना खाली वाकवलं.

"सांता-सान," ती हळूच म्हणाली, "तुमचा रेनडिअर आजारी आहे का आज?"

ह्यांनी एकदा मास्तरांकडे बघितलं.

"हो गं," हे म्हणाले. "ताप आलाय त्याला."

"आणि तुम्ही त्याचं काम करताय," सुमिरे म्हणाली. तिने ह्यांच्या नाकावरचा गोळा नीट बसवला. "मी कुणाला सांगणार नाही."