साचेकाकांची विशेषणे

आमच्या कारखान्यात छतावरच्या नक्षीपासून अर्धपुतळ्यांपर्यंत सर्व काही प्लास्टरचे होत असे. ओतलेली वस्तू साच्यातून कशी सुटली हे ठरवण्याचा अधिकार एकट्या साचेकाकांचा होता. वस्तू हातात आली की ते तिला उलटसुलट न्याहाळत, एकच विशेषण उच्चारत, आणि जवळ असेल तो कामगार ते खडूने साच्याच्या पाठीवर लिही. 'अलगद' असेल तर पुढच्या वेळी साबणाच्या पाण्याचा तेवढाच हात पुरे. 'हट्टी' असेल तर आणखी एक हात द्यायचा. 'चिकट' म्हणजे फार काळ आत राहिलेली, साबण सुकल्यामुळे अंगाची साल साच्यालाच देऊन आलेली. एका गोलमटोल अर्धपुतळ्याला त्यांनी 'जावईबापू' ठरवले होते, कारण पुष्कळ मनधरणी झाल्याखेरीज तो जागचा हलला नव्हता. मी तेथे कार्यालय सांभाळत असे आणि सगळे मला भाऊसाहेब म्हणत. जावईबापू हे विशेषण नव्हे, असे मी त्यांना रीतसर बजावले. भाऊसाहेबांना अजून जावई आलेला नाही, तो आला की कळेल, एवढेच उत्तर मला मिळाले.

सर्वांत वाईट विशेषण 'ऊन' हे होते. प्लास्टर घट्ट होताना आपोआप तापते आणि मग सावकाश निवते. ते पुरते निवेपर्यंत थांबायचे, हा काकांचा पहिला आणि शेवटचा नियम. अंगात धग असताना ओढून काढलेली वस्तू त्या वेळी धड दिसे आणि वाळता वाळता वाकडी होई. त्यामुळे 'ऊन' हे वस्तूचे वर्णन नव्हतेच. सोडवणाऱ्याच्या उतावीळपणावर ठेवलेला तो ठपका होता. काकांच्या तोंडून तो ऐकलेला माणूस दिवसभर मान वर करत नसे.

साच्यांना साबण लावण्याचे काम काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, करीत. नवराबायको एकाच टेबलाशी समोरासमोर बसत. वस्तू हट्टी निघाली की काका साबणाला नावे ठेवत आणि काकू त्यांच्या जड हाताला. साच्यात साबण घालता येतो, माणसात घालता येत नाही, नाहीतर संसार केव्हाच सुरळीत झाला असता, असे त्या सर्वांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणत. काका तेव्हा न ऐकल्यासारखे करून खुशीत हसत.

एका दुपारी काकूंच्या हातातला कुंचला साबणाच्या भांड्यात पडला आणि त्यामागोमाग त्या टेबलावर कलंडल्या. मेंदूत रक्तस्राव झाला होता. रुग्णालयात त्यांचा श्वास यंत्राने चालू ठेवला. पुढे निरनिराळ्या तपासण्या झाल्या, आणि त्या शुद्धीवर येण्याची आशा उरली नसल्याचे डॉक्टरांनी काकांना व त्यांच्या मुलीला बसवून समजावले. यंत्र काढावे, असा त्यांचा सल्ला होता. मुलीने रडतरडत होकार दिला. काकांनी दिला नाही.

बाबा माझे ऐकत नाहीत, तुमचे ऐकतील, म्हणून मुलीने मला बोलावून घेतले. मी गेलो तेव्हा काका खाटेला खुर्ची चिकटवून बसले होते. त्यांनी माझा हात धरून काकूंच्या तळहातावर ठेवला.

"बघा. ऊन आहे," ते म्हणाले. "ऊन असताना मी आयुष्यात कधी काही सोडवलं नाही. आता हिलाच सोडवू?"

ही ऊब यंत्र देत असलेल्या श्वासावर टिकून आहे, हे मी शक्य तितक्या सौम्य शब्दांत मांडले. त्यांनी ते ऐकून घेतले. तेवढ्यात डॉक्टर आले. सुटका कशी होईल, असे काकांनी त्यांना विचारले. शांत, असे ते म्हणाले. हा शब्द सगळ्यांनाच सांगत असाल, हिच्यापुरता कोणता ते सांगा, असे काकांनी पुन्हा विचारले. डॉक्टर प्रामाणिक होते. ते खाली पाहत म्हणाले, "मला बघताना शांत दिसेल. त्यांना कसं वाटेल, ते मला माहीत नाही."

समजूत घालायला आलेला मी काकांशेजारी स्टूल ओढून बसलो.

थोड्या वेळाने परिचारिका काकूंना कुशीवर वळवण्यासाठी आल्या. चादर ओढताना टाचेची कातडी चादरीला लागून निघाली. काकांनी ते पाहिले. बराच वेळ ते त्या टाचेकडेच पाहत राहिले. मग त्यांनी एक शब्द उच्चारला, "चिकट." त्या खोलीत तो फक्त मला कळला. काकांनी मुलीला जवळ घेतले आणि डॉक्टरांना होकार कळवायला सांगितले.

यंत्र काढले तेव्हा काकूंचा तळहात काकांच्या दोन्ही हातांत होता. श्वास लवकरच थांबला. तळहात मात्र तसाच ऊन राहिला, आणि तो निवेपर्यंत काकांनी कोणालाही जवळ येऊ दिले नाही.

कारखान्याच्या फाटकावरच्या फळ्यावर निधनाची वार्ता मी लिहिली. अक्षर नीट काढले आणि 'शांतपणे' हा शब्द योजला. काका कामावर परतले त्या सकाळी फळ्यापुढे थांबले आणि अंगठ्याने तेवढा एक शब्द पुसू लागले. मी लगबगीने गेलो.

"राहू द्या, काका. डॉक्टरच तसं म्हणाले होते."

"त्यांनी तिचा हात धरला नव्हता." अंगठ्यावरचा खडू त्यांनी सदऱ्याला पुसला. "ऊन सुटली, भाऊसाहेब. मी सोडवली."

तुमचा काही दोष नाही, याहून अधिक थांबणे क्रूरपणा ठरला असता, असे मी म्हणालो. ते खरेही होते.

"नियम तुम्हालाच फार प्रिय ना?" ते म्हणाले. "मग नियमाला धरून बोला."

फळ्यावरची ती जागा मी रिकामीच ठेवली.

आता साबणही तेच लावतात. समोरच्या खुर्चीवर कोणी बसत नाही. ओतकाम झाल्यावर ते साच्यावर तळहात टेकवून बसतात. साचा तापतो, निवतो, दगडासारखा गार पडतो, तरी हात उचलत नाहीत. शेवटी कोणीतरी जवळ जाऊन हळूच सांगते, "काका, थंड झालाय."

"नक्की?" ते विचारतात, आणि त्याचाही हात धरून साच्यावर ठेवतात.