आमच्या दवाखान्याच्या तक्रारी

सरकारी दवाखान्याला नावं ठेवणारा कुणी भेटला की माझं टाळकं सटकतं. "तिथं काय मिळतं हो, लाल पाणी!" असं कुणी म्हणालं की मी त्याला शेजारी बसवून घेतो आणि सुरू होतो. निजामाच्या राज्यात, तेर आणि ढोकीच्या मधल्या एका गावात मी कंपाउंडर होतो. दुखणेकरी औषध घेऊन जायचा आणि किस्सा ठेवून जायचा. असे इतके साठलेत की सांगितल्याशिवाय मलाच अपचन होतं.

माणसं तीनच. हैदराबादेहून बदलून आलेले डॉक्टर करीमसाहेब, उमरग्याकडच्या नर्स गिरिजाबाई आणि मी. गिरिजाबाईंना राग आला की त्या कानडीत बोलायच्या, आणि फार राग आला की बोलायच्याच नाहीत. तेव्हा मात्र जपून असायचं.

आमच्याविरुद्ध तक्रारी भरपूर. प्रत्येक तक्रारीनंतर वरून निरोप यायचा, असंच चाललं तर दवाखाना बंद करू. हा धाक काही खोटा नव्हता. आम्ही बंद झालो की पंचक्रोशीला डॉक्टर थेट धाराशिवला, आणि अडलेली बाई बैलगाडीतून तिथवर पोचायची कशी? मी घाबरायचो. डॉक्टर हसायचे. "शिकायत येते ना? म्हंजे काम चालू है," म्हणायचे.

* * *

पहिली तक्रार बाकड्याची.

दवाखान्याच्या पडवीत एकच बाकडं होतं. जो आधी येईल तो त्यावर बसेल, ही डॉक्टरांची रीत. एक दिवस गावचे देशमुख पोट धरून आले. बाकड्यावर गावकुसाबाहेरची दोन म्हातारी माणसं बसलेली. देशमुख उभेच राहिले. त्यांना उठवा म्हणाले नाहीत, पण मला खुणेनं विचारलं की आमची बसायची सोय काय?

मी डॉक्टरांकडं पाहिलं. डॉक्टर बाहेर आले, त्या दोघांना हात धरून उठवलं. देशमुखांचा चेहरा खुलला. मग डॉक्टरांनी मला सांगितलं की बाकडं उचल आणि आत नेऊन ठेव.

"आता सगळे जमिनीवर. देशमुखसाब, तशरीफ ठेवा."

देशमुखांच्या पोटात मुरडा असा की परत जायचीही सोय नव्हती. बसले बिचारे मांडी घालून, त्या दोघांच्या शेजारी. तक्रार त्याच आठवड्यात गेली. पण महिन्याभरानं देशमुखांच्या वाड्यावरून गाडीतून एक लांबलचक सागवानी बाकडं आलं. दहा माणसं आरामात बसतील असं! निरोप एवढाच होता की मालकांच्या गुडघ्यांना जमीन सोसत नाही, सगळ्यांनाच वर बसवा.

* * *

त्या काळात औषधाची बाटली पेशंटनं घरून आणायची. मी तिच्यात मिक्श्चर ओतायचो आणि डोस कळावा म्हणून कागदाची कातरलेली पट्टी चिकटवायचो. पण आधी बाटली गिरिजाबाईंच्या नाकाखालून जायची. वास आला की परत! मग ती कुणाचीही असो.

एकदा तहसीलदारांचा चपराशी बाटली घेऊन आला. रांग सोडून सरळ पुढं. बाईंनी त्याला रांगेच्या शेवटी पाठवलं. त्याची पाळी आली तेव्हा बाटली हुंगली आणि परत हातात दिली. चपराशी तापला. "ही कुणाची बाटली हाय, म्हाईत हाय का?"

"कुणाचीबी असू द्या," बाई भरल्या रांगेत म्हणाल्या, "वास शिंदीचा हाय."

शिंदी पिणाऱ्याला तुरुंगात टाकीन अशी दवंडी तहसीलदारांनी नुकतीच पिटवली होती.

दुसरी तक्रार गेली. आम्ही बदलीची वाट बघत बसलो, तर दोन दिवसांनी तोच चपराशी हजर. बाटली आरशासारखी लख्ख. खाली मान घालून त्यानं तहसीलदारांच्या बेगमसाहेबांचा निरोप सांगितला की बाईंना आमचा सलाम, इथून पुढंही प्रत्येक बाटली हुंगत जा आणि काय वास येतो ते आम्हाला कळवत जा.

* * *

देवीच्या साथीत लस टोचायला गिरिजाबाई गावोगाव फिरायच्या. लोक लशीला भ्यायचे. एका गावात त्या पोचल्या तर दारोदार कडुलिंबाचे डहाळे लावलेले. म्हणजे घरात देवी आलेली. अशा घरात टोचणारा शिरत नाही, हे गावाला पक्कं ठाऊक होतं. पोलीसपाटील हात जोडून म्हणाला की बाई, सगळ्या गावातच देवी बसलीय, तुम्ही उशिरा आलात.

बाईंनी वाद घातला नाही. चपला काढल्या, पहिल्या दाराशी वाकून नमस्कार केला आणि चावडीत पथारी टाकली. "देवी बसली म्हंजी तिची सेवा झाली पायजे. ती व्हईस्तवर म्या हितंच ऱ्हाते."

आता देवी असलेल्या घरात काय चालत नाही? फोडणी चालत नाही, तळण चालत नाही, दुसऱ्याच्या घरी जाणं चालत नाही. बाई गावात फेऱ्या मारू लागल्या. कुठून लसणीचा वास आला की दारात उभ्या. "देवी कोपंल की गं बाई!" म्हणायच्या, आणि चूल विझेपर्यंत हलायच्या नाहीत. सगळं गाव मिळमिळीत खाऊन बेजार झालं. पोरं तर टुणटुणीत, पण खेळायला सोडायची चोरी.

त्यात आली येळवस. आमच्या भागात येळवस म्हणजे काय ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. मार्गशीर्षातल्या अमावस्येला अख्खं गाव शेतात जेवायला जातं. भज्जी, उंडे, मडकं भरून आंबील! आदल्या दिवशी दुपारी पोलीसपाटलाची आईच डहाळा उपटून नातवंडांना घेऊन चावडीत आली.

"देवी गेली बघा आमच्या गावातनं. पोरास्नी टोचा, पर उद्याची भज्जी चुकू देऊ नका."

दिवेलागणीपर्यंत गावात एका दारावर डहाळा उरला नाही. बाईंना येळवशीचं आवतण मिळालं, आणि आम्हाला तक्रार. नर्सबाईनं गावाला उपाशी मारलं म्हणून!

* * *

इतक्या तक्रारी झाल्यावर धाराशिवहून एक बडे साहेब मोटारीतून तपासणीला आले. गावात मोटार म्हणजे जत्राच. साहेब डॉक्टरांसमोर खुर्चीत बसले आणि एकेक तक्रार वाचायला लागले. बाकड्यापर्यंत आले असतील नसतील, तोच बाहेर बैलगाडी थांबली. आत अडलेली बाई. मूल आडवं होतं आणि आमच्याकडं ऑपरेशनची सोय नव्हती.

गिरिजाबाईंनी एकदा त्या बाईकडं पाहिलं, एकदा मोटारीकडं. पुढं काय झालं ते साहेबांना आवाजावरूनच कळलं. ते धावत पडवीत आले तेव्हा मोटार येशीबाहेर गेली होती. ड्रायव्हरला बाईंनी सांगितलं होतं, साहेबांचा हुकूम आहे, धाराशिवच्या दवाखान्यात ने.

साहेब लालबुंद झाले. डॉक्टरांनी त्यांना पाणी दिलं आणि शांतपणे म्हणाले, "हुजूर, ती शिकायतपण लिहून घ्या."

दिवस मावळायला मोटार परत आली. ड्रायव्हर खुशीत, हातात पेढे. बाई आणि मूल दोघंही सुखरूप. साहेबांनी पेढा घेतला, तोंडात टाकला, आणि गाडीत बसताना सांगून गेले की दवाखाना बंद होणार. पेढा खाऊन असं बोलणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

* * *

आणि साहेबांनी शब्द खरा केला. पोलीस ॲक्शनच्या आदल्या वर्षीची गोष्ट, रझाकारांचा जोर वाढत चाललेला. अमीनसाहेब, म्हणजे पोलीस ठाण्याचे अंमलदार, कुलूप घेऊन दारात हजर. दवाखाना बंद, आणि जागेत त्यांचे शिपाई राहणार.

पडवी दुखणेकऱ्यांनी भरलेली होती. डॉक्टरांनी विचारलं, यांचं काय? अमीनसाहेब ऐटबाज माणूस. सगळ्यांदेखत मिशीवरून हात फिरवून म्हणाले, "आहेत तेवढे तपासा. मी जबानचा पक्का आहे. शेवटचा पेशंट गेला की कुलूप."

गिरिजाबाई काहीच बोलल्या नाहीत. कळशी घेतली आणि विहिरीवर गेल्या. तिथं बायकांशी त्यांचं काय बोलणं झालं ते मला आजवर कळलं नाही.

दुपारी रांग सकाळपेक्षा लांब झाली. दुसऱ्या दिवशी तेरची माणसं आली, मग ढोकीची, मग येडशीकडची. प्रत्येकाच्या हातात धुतलेली बाटली. धडधाकट गडी डॉक्टरांसमोर बसायचे. काय होतंय विचारलं की म्हणायचे, "काय न्हाय साहेब, पर नीट बघा की." डॉक्टर नीट बघायचे. जीभ, नाडी, छाती, पाठ. घाई नाही! रात्री पडवीतच मुक्काम, म्हणजे सकाळी रांग कायम.

अमीनसाहेब खुर्ची टाकून दारात बसून राहिले. एक दिवस त्यांचाच शिपाई रांगेत दिसला. साहेबांनी डोळे वटारले तर तो म्हणाला, हुजूर, खोकला तर खरा हाय.

दिवस हिवतापाचे होते. गिरिजाबाई रोज अमीनसाहेबांसमोर कोयनेलची गोळी धरायच्या. जो दवाखाना बंद करायला आलो, त्याची गोळी खाऊ? असं म्हणून ते हात झटकायचे.

आणि मग एका सकाळी पडवी रिकामी झाली. रझाकारांची टोळी या बाजूला आलीय अशी आवई उठली, आणि रातोरात माणसं पोराबाळांकडं पळाली. नवीन कुणी घराबाहेर पडेना. आम्ही वाटेकडं डोळे लावून बसलो. कुत्रंसुद्धा फिरकलं नाही.

अमीनसाहेब खुर्चीतून उठले, कुलूप घेतलं. डॉक्टर चष्मा पुसत बसले होते. मला हुंदका आला, खोटं कशाला सांगू? एवढी वर्षं उघडं ठेवलेलं ते दार.

कुलूप कडीत जाईना. अमीनसाहेबांनी दोन्ही हातांनी धरून पाहिलं. नुसता खडखड आवाज. मग लक्षात आलं, कुलूप नव्हे, अख्खा माणूसच खडखडत होता. दात वाजत होते, डोळे लाल. डॉक्टर उठले, त्यांच्या हातातलं कुलूप काढून खिडकीत ठेवलं आणि नाडी धरली.

"दाखल करा," मला म्हणाले.

दवाखान्यात होती नव्हती तेवढी घोंगडी आम्ही त्यांच्यावर घातली. संध्याकाळी घाम फुटून ताप उतरला तेव्हा त्यांनी डोळे उघडले आणि पहिला प्रश्न विचारला, "शेवटचा पेशंट गेला का?"

"नाही हुजूर," डॉक्टर म्हणाले. "एक बाकी आहे."

अमीनसाहेबांनी खिडकीतल्या कुलपाकडं पाहिलं. मग हळूच विचारलं, "मी बरा कधी होईन?"

गिरिजाबाईंनी एका हातात पाणी घेतलं, दुसऱ्या हातात कोयनेलची गोळी.

"सावकाश व्हा साहेब. आमाला कायबी घाई न्हाय."