अकरा वाजताची बैठक

काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात एकतीस वर्षे कामगार अधिकारी म्हणून काढलेल्या त्या गृहस्थांना विद्यापीठातली मुले ‘पावणेदहा’ म्हणत. शनिवारचा वर्ग दहाला सुरू होई आणि हे पावणेदहाला हजर असत; एक मिनिट आधी नाही, एक मिनिट नंतर नाही. लवकर पोहोचलेच तर फाटकाबाहेर उभे राहत आणि वेळ झाली की आत शिरत. हे टोपणनाव त्यांच्या कानांवर गेले तेव्हा त्यांनी ते घरी येऊन बायकोला सांगितले. ती म्हणाली, “कमीच केलं मुलांनी. मी असते तर सेकंदकाटाही लावला असता.”

विद्यापीठाचा विद्यार्थी कल्याण कक्ष शेवटच्या वर्षाच्या मुलांसाठी एक उपक्रम चालवीत असे. आपापल्या व्यवसायात मुरलेली माणसे त्यासाठी शनिवारची सकाळ देत, मानधन न घेता. दातांच्या एक डॉक्टरीणबाई होत्या, पुलांचे आराखडे करणारे एक अभियंता होते, आणि निवृत्तीनंतर पहिल्याच महिन्यात स्वतःहून नाव नोंदवणारे पावणेदहा होते. प्रत्येकाकडे सहा विद्यार्थी. अर्ज कसा लिहावा, मुलाखतीत कसे बसावे, वरिष्ठ चारचौघांत बोलला तर काय करावे, आपला राग नेमका कशाचा आहे हे कसे ओळखावे, असे सगळे तेथे शिकवले जाई. कक्षाच्या पत्रकात ‘भावनिक समज’ हे शब्द जाड ठशात छापलेले असत. डॉक्टरीणबाईंना ते फार आवडत. पावणेदहांना त्यांत उगाचच पसारा वाटे.

ते पहिल्या दिवशी नव्या मुलांना एक प्रसंग सांगत. तो इतक्या वेळा सांगून झाला होता की त्यातला एकही शब्द आता जागचा हलत नसे.

“माझी आई रुग्णालयात होती. डॉक्टरांनी आशा सोडली होती. आणि त्याच दिवशी अकरा वाजता कामगार संघटनेबरोबर माझी बैठक. चारशे माणसं संपाच्या तयारीत. मी बैठकीला बसलो. दोन तास बोललो, करारावर सही केली, हात मिळवले, आणि मग रुग्णालयात गेलो. आई तोवर गेली होती. पण संप टळला.” येथे ते थोडे थांबत. “भावना असू नयेत असं माझं म्हणणं नाही. त्यांना बाहेरच्या बाकावर बसवायचं. काम संपलं की भेटायचं.”

त्या वर्षीच्या सहा जणांत संख्याशास्त्र शिकणारी एक मुलगी होती. तिचे वडील पुस्तकबांधणीचा व्यवसाय करीत, म्हणून सगळे तिला बाइंडरची मुलगी म्हणत. वर्गातल्या टवाळांनी मात्र तिचे नाव ‘नळ’ ठेवले होते, कारण कोणी जरा चढ्या आवाजात प्रश्न विचारला की तिचे डोळे वाहू लागत. पावणेदहांनी तिला हाती घेतले. उत्तराआधी श्वास घे, नजर समोर ठेव, हात मांडीवर ठेव, आवाज कापला तर वाक्य लहान कर. सहा महिन्यांत नळ कोरडा पडला. कक्षाच्या समन्वयक बाईंपाशी पावणेदहांनी तिची तोंड भरून स्तुती केली, आणि ती त्यांच्या स्वभावात बसणारी गोष्ट नव्हती.

एकदा तिचे वडील तिला न्यायला आले. नखांत खळ वाळलेली, खिशात मोजपट्टी. हात जोडून म्हणाले, “सर, तुम्ही जादूच केलीत. ही आता घरीसुद्धा मुलाखत दिल्यासारखी बोलते. पोळी वाढली तरी ‘धन्यवाद’ म्हणते! मी तर तिला साहेबच म्हणायला लागलोय.” मग आवाज उतरवून म्हणाले, “पूर्वी भांडायची हो माझ्याशी. जरा भांडली तर बरं वाटेल.”

पावणेदहांनी हे प्रशस्तिपत्रक समजून घरी नेले.

सराव मुलाखतींचा शनिवार आला. लांब टेबल, त्यामागे पावणेदहा आणि डॉक्टरीणबाई, समोर एक खुर्ची. पावणेदहांचा दंडक असा, की सराव मुलाखत ही खऱ्या मुलाखतीसारखीच घ्यायची: दिलेली वेळ बदलायची नाही आणि मध्येच उठायचे नाही. बाइंडरच्या मुलीची वेळ साडेदहाची होती. ती ठरल्या क्षणी आत आली. तिचे वडील गुरुवारपासून दम्याच्या त्रासाने रुग्णालयात आहेत, हे तिने कोणालाच सांगितले नव्हते. काल त्यांना उतार होता. आईनेच तिला ‘जाऊन ये’ म्हटले होते.

तिसऱ्या प्रश्नाला तिच्या पिशवीतला फोन थरथरला. थांबला. पुन्हा थरथरला.

“अगं, घे ना फोन,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “काही महत्त्वाचं असेल.”

मुलीने पावणेदहांकडे पाहिले.

“मुलाखतीत फोन घेत नाहीत,” ते म्हणाले. “पुढचा प्रश्न. तुमची बलस्थानं सांगा.”

तिने श्वास घेतला आणि सांगितली. फोन आणखी एकदा वाजून गप्प झाला. चाळीस मिनिटांत तिचा आवाज एकदाही कापला नाही. ‘मनावरील ताबा’ या रकान्यात पावणेदहांनी पाचपैकी पाच गुण दिले. या रकान्यात त्यांनी पाच गुण पहिल्यांदाच दिले होते.

सोमवारी सकाळी समन्वयक बाईंचा फोन आला. बाइंडर शनिवारी अकराच्या सुमारास गेले होते.

पावणेदहांनी ‘ठीक आहे’ असे म्हणून फोन ठेवला आणि बराच वेळ त्याच खुर्चीत बसून राहिले. बायकोने कारण विचारले तेव्हा त्यांनी सर्व क्रमवार सांगितले, वेळाही सांगितल्या. नेहमी तयार असणारा टोमणा या वेळी आला नाही. ती एवढेच म्हणाली, “तुम्ही तिला तुमच्यासारखं केलंत.”

आठवड्याने निरोप आला, की मुलीच्या आईला पावणेदहांना भेटायचे आहे.

घर दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचे. बाहेरच्या खोलीत बांधणीचे काम चाले. पुठ्ठे आकारानुसार रचलेले होते, भिंतीवर सुया आणि दोऱ्याची रिळे टांगलेली होती, आणि दाबयंत्राखाली कसल्याशा जाड पुस्तकांची चळत अजून तशीच आवळलेली होती. आईने दारातच त्यांना गाठले. हळू आवाजात म्हणाली, “नऊ दिवस झाले, सर. रडली नाही. माणसं आली की खुर्च्या मांडते, गेली की उचलते. मी रडायला लागले की माझ्या हातात पाण्याचा पेला देते. मला भीती वाटते हो तिची. तुमचं ऐकते ती. तुम्ही सांगा काहीतरी.”

मुलगी आतून आली. केस घट्ट बांधलेले, चेहरा धुतलेला. “नमस्कार सर. बसा ना. पाणी आणते.”

“पाणी नको. तू बस.”

ती बसली. पाठ सरळ, नजर समोर, हात मांडीवर. पावणेदहांनी खिडकीकडे पाहिले.

“कशी आहेस?”

“ठीक आहे, सर. उद्या, मंगळवारी, कंपनीची मुलाखत आहे. तयारी चालू आहे.”

“त्याबद्दल नाही विचारत.”

“मृत्यूचा दाखला मिळाला. बाबांची अर्धवट कामं दुसऱ्या बाइंडरकडे सोपवतेय. यादी केली आहे.”

पावणेदहांनी घसा साफ केला. मग म्हणाले, “पहिल्या दिवशी मी तुम्हाला एक प्रसंग सांगितला होता.”

“अकरा वाजताची बैठक,” ती लगेच म्हणाली. “वहीत लिहून ठेवलाय मी. त्या दिवशी फोन वाजत होता ना, तेव्हा तोच आठवला मला.”

आई स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

“तो प्रसंग खरा आहे,” पावणेदहा म्हणाले. “पण मी तो कधी पूर्ण सांगितला नाही. बैठक पुढे ढकलता आली असती. संघटनेचा पुढारी स्वतः म्हणाला होता, साहेब, तुम्ही आईकडे जा, आपण उद्या बसू. मीच नको म्हणालो.”

“का?”

“मला भीती वाटत होती. आईला त्या अवस्थेत पाहवत नव्हतं. बैठक ही माझी लपायची जागा होती. मी धीराचा नव्हतो, मुली. मी पळालो होतो. नंतर लोकांनी कौतुक केलं, ते मी घेतलं. बावीस वर्षं घेतोय.”

ती सावकाश म्हणाली, “म्हणजे तुम्हाला जाता आलं असतं.”

“हो.”

“आणि मलाही उठता आलं असतं.”

“हो. मीच उठवायला हवं होतं तुला.”

“डॉक्टरीणबाई म्हणाल्या, फोन घे. मी तुमच्याकडे पाहिलं.” तिचा आवाज एकदम वर चढला. “तुमच्याकडे पाहिलं मी! बाबा विचारत होते, साहेब आल्या का. तीनदा विचारलं त्यांनी आईला. आणि मी तिकडे माझी बलस्थानं सांगत होते!”

“अगं, सर आहेत ते,” आई पुढे झाली.

“कोणाचे सर?” ती उभी राहिली होती. “आणि हे आत्ता सांगताय? नऊ दिवस मी कशाच्या जोरावर उभी होते? तुम्ही केलं तसंच मी केलं, एवढंच होतं माझ्याकडे. तेही नेलंत तुम्ही. जा. जा तुम्ही इथून!”

पावणेदहा उठले. बुटाची नाडी त्यांना दारात वाकून बांधता येईना. तशीच लोंबती ठेवून ते बाहेर पडले. दार लागले. मग आतून आवाज आला. आधी काहीतरी जमिनीवर आपटल्याचा, आणि मग लहान मूल रडते तसा, मध्येच श्वास कोंडणारा, हाका मारणारा. त्यात आईचाही आवाज मिसळला.

शेजारीण दार किलकिले करून बाहेर आली. “आत्ता रडतेय का पोरगी? कोणी काही बोललं का तिला?”

“हो. मी.”

तिने त्यांना नखशिखान्त न्याहाळले. “बरं केलंत की वाईट?”

पावणेदहा कठड्याला धरून एकेक पायरी उतरले.

मंगळवारच्या मुलाखतीला मुलगी गेली नाही. तिने मार्गदर्शक बदलून मागितला आणि डॉक्टरीणबाईंकडे गेली. समन्वयक बाईंनी संकोचून कारण विचारले, तेव्हा पावणेदहा म्हणाले, “तिचं बरोबर आहे. कागदावर तेवढंच लिहा.” महिन्याभराने ग्रंथालयाच्या जिन्यावर ती त्यांना दिसली. डॉक्टरीणबाईंशी हातवारे करून कशावरून तरी वाद घालत होती. पावणेदहा खांबाआड थांबले आणि दोघी लांब गेल्यावर निघाले. त्यानंतर तिची भेट झाली नाही.

ग्रंथालयापाशी तिला पाहिले त्या दुपारी ते घरी परतले तेव्हा बायको शेंगा सोलत बसली होती. ते तिच्यासमोर बसले. दोघांनी मिळून अर्धी परडी सोलली. मग त्यांनी विचारले, “आई गेली तेव्हा तू तिच्यापाशी होतीस ना?”

“होते की. सकाळपासून.”

“काय म्हणाली शेवटी?”

बायकोचे हात थांबले. “बावीस वर्षांनी विचारताय?”

“सांग ना.”

“काहीतरी बोलली होती. तुमच्याबद्दलच. त्या वेळी मी मनात घोकून ठेवलं होतं, तुम्ही आलात की सांगायचं म्हणून. तुम्ही आलात ते थेट कागदांवर सह्या करायला लागलात. म्हटलं, विचारतील उद्या. मग म्हटलं, महिन्याभराने विचारतील. बरीच वर्षं वाट पाहिली मी.” तिने पदराने हात पुसले आणि त्यांच्याकडे पाहिले. “आता नाही हो आठवत.”