सहावा ठिपका
डांबरगोळ्यांचा वास आला की निजामाच्या राज्यातलं आमचं जालन्याचं घर आठवतं. माझे यजमान शाळेत विज्ञान शिकवत आणि कुंडलिका नदीच्या काठी चिखलावर बसणाऱ्या बारीक माश्या जमवून डांबरगोळ्या घातलेल्या पेट्यांत ठेवत. त्यातली एक कुठल्याच पुस्तकात सापडेना. पण तिचं वर्णन लिहायची वेळ आली, तोवर काचबिंदूनं त्यांची नजर जात आली होती. त्यांनी मला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं आणि विचारलं, “पंखावर ठिपके किती?” मी म्हटलं, “पाच.” “बराबर बघ. पाच ठिपक्यांची तर माहितीतली हाय.” मी पुन्हा वाकले. “कडेला सहावा हाय, पण फिका.” ते म्हणाले, “खरंच हाय, का मला बरं वाटावं म्हणून सांगून राह्यलीस?” “नसता दिसला तर न्हाई म्हणले असते,” मी म्हटलं, तेव्हा कुठं त्यांनी अंदाजानं टाक चालवला. सगळं लिहून झाल्यावर हळूच म्हणाले, “आता लिहायचं न्हाई. नुसतं सांग, दिसायला कशी हाय?” दिवस मावळेपर्यंत मी सांगत होते. पुढं ती नवी जात ठरली. त्यांना मात्र तोवर काहीच दिसत नव्हतं. तिचं शास्त्रीय नाव आता माझ्या लक्षात नाही, पण ती कशी दिसायची ते आजही डोळे मिटून सांगेन.