सही करायच्या आधी

गुंडू सरांना ओळखत नाही असा शिक्षक हातकणंगले तालुक्यात सापडायचा नाही. निवृत्त होऊन त्यांना सात वर्षं झाली. तरी कुणा मास्तरावर आरोप झाला की तो आधी त्यांच्या दारात जातो, मग देवळात, आणि शेवटी कोल्हापुरात माझ्याकडं. मी वकील. शाळेनं काढून टाकलेल्या शिक्षकांची अपिलं चालवते, आणि त्यातली निम्मी सरांनीच पाठवलेली असतात.

येईल त्याला ते एकच सांगतात, "चुकलं म्हणून काय बी लिहून देऊ नका. सही करायच्या आधी माझ्याकडं या." नियमांचं पुस्तक कॅलेंडरच्या पानाचं कव्हर घालून पिशवीत असतं. लोक त्यांना देवमाणूस म्हणतात. तो शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं, कारण हे शहाणपण त्यांना कुणाच्या जिवावर आलं ते मला ठाऊक आहे.

तेरा वर्षांपूर्वी त्यांच्याच शाळेत क्रांती नावाची शिक्षिका होती. दहावीच्या परीक्षेत तिनं संस्थेच्या चेअरमनच्या पुतण्याला चिठ्ठीसकट पकडलं. आठवड्यानं तिलाच नोटीस आली, की चिठ्ठी तिनंच पुरवली. अशा वेळी चौकशी समिती बसते तीन माणसांची. एक संस्थेचा, एक पुरस्कार मिळालेला बाहेरचा शिक्षक, आणि तिसरा ज्याच्यावर आरोप आहे त्यानं निवडलेला. क्रांतीनं गुंडू सरांचं नाव दिलं. दुसरा कोण होता तिला?

आता आमच्याकडची भांडण मिटवायची रीत बघा. बांधाचा वाद असो नाहीतर भावकीचा, चार माणसं बसतात, धाकटा 'चुकलं' म्हणतो, चहा होतो आणि विषय संपतो. खरं कोण चुकलं ते कुणी विचारत नाही. सरांचा जन्म त्यात गेलेला. चेअरमन म्हणाले, "पोरीला चार ओळी लिहून द्यायला सांगा, मिटवून टाकू," आणि सरांना ते पटलं. मनात कपट नव्हतं, एवढं मी त्यांच्या बाजूनं म्हणेन.

क्रांती म्हणाली, "सर, मी केलंच न्हाई, तर माफी कशाची?"

"अगं, कागदच हाय. लिही की. थोरा-मोठ्यांचा मान ऱ्हातोय."

तिनं लिहिलं. झाल्या प्रकाराबद्दल दिलगीर आहे, पुन्हा असं होणार नाही. चहाही झाला. महिन्याभरात तोच कागद कबुली म्हणून दाखवून तिला काढून टाकलं.

मग ती माझ्याकडं आली. मी सरांना गाठलं. "एवढंच प्रतिज्ञापत्र द्या, की माफीनामा तुमच्या सांगण्यावरून लिहिला." ते म्हणाले, "बघू." मी दोनदा गेले, दोन्ही वेळा 'बघू'च. मुख्याध्यापकाची खुर्ची त्या उन्हाळ्यात रिकामी होणार होती. क्रांतीनं स्वतःच्या हातानं लिहून दिल्यावर कोर्टात मी तोंडी काय सांगणार? अपील फेटाळलं गेलं. पुढं हायकोर्टात जायचा दम तिच्यात उरला नव्हता. सर मुख्याध्यापक झाले. पुढं ते माझ्याकडं माणसं पाठवू लागले आणि मीही त्यांच्याशी गोड बोलू लागले. याची मला लाज वाटते.

गेल्या महिन्यात सर ऑफिसात आले. पिशवीतून कागद काढला. तेरा वर्षांपूर्वी मागितलेलं प्रतिज्ञापत्र, सही-शिक्क्यासकट. "उशीर झालाय, ठाऊक हाय," म्हणाले. "तिच्याकडं घेऊन चला."

क्रांती कबनूरला सासरी असते. चिठ्ठी पुरवणाऱ्या बाईकडं शिकवणीला पोरं कोण पाठवणार? ती यंत्रमागासाठी सुताच्या कांड्या भरते. आम्हाला बघून तिनं यंत्र बंद केलं, पाणी दिलं. सरांनी हात जोडले. "क्रांती, माझं चुकलं."

तिनं त्यांच्याकडचा कागद घेऊन वाचला, माझ्याकडं बघितलं. "आता ह्याचा काय उपयोग, वकीलबाई?"

काही नाही, मी म्हटलं. खोटं बोलायची इच्छा झाली नाही.

तिनं कागद सरांना परत दिला. "मग आत या. आत्याबाईंना वाचून दाखवा. लिहून दिलंय म्हंजे केलंच असणार, असं तेरा वर्सं ऐकतोय मी."

आत कॉटवर तिची सासू बाळाबाई बसली होती. सरांनी वाचायला सुरुवात केली. शेजारच्या शेडमध्ये माग खडखडत होते. म्हातारीनं कानाला हात लावला.

"मोठ्यांदा वाचा, सर," क्रांती म्हणाली. "वर्गात वाचत हुता तसं."

सरांनी पहिल्यापासून पुन्हा सुरू केलं. आवाज ऐकून शेजारच्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. 'क्रांतीनं चिठ्ठी दिली नव्हती, हे मला तेव्हाही माहीत होतं' या ओळीपाशी म्हातारीनं सुनेकडं बघितलं. मग सरांना विचारलं, "ठावं हुतं, तर तवा का बोलला न्हाईसा, मास्तर?"

सरांनी कागदाची घडी घातली.

"मुख्याध्यापक व्हायचं हुतं," ते म्हणाले. मागांचा आवाज चालूच होता, म्हणून तेही त्यांना मोठ्यांदाच सांगावं लागलं.