नाकावरचा तीळ

बारीकराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे, आणि अंगाने म्हणाल तर माणूस चांगला ऐसपैस. पण जुने फिल्मचे कॅमेरे दुरुस्त करता करता जिथेतिथे बारीक खोट काढायची सवय जडली, आणि गल्लीने हे नाव ठेवलं. शेजारच्या शिंपीदादांच्या सदऱ्याचं बटण केसभर खाली लागलंय, हे त्यांना रस्त्यापलीकडून दिसायचं. बोलतानाही डावा डोळा मिटलेलाच. नव्या माणसाला वाटायचं, हा आपल्याला डोळा मारतोय.

त्यांचा हातखंडा एका कामात. या कॅमेऱ्यांत डोकावलं की मधल्या पिवळसर चौकटीत एकाच वस्तूच्या दोन आकृत्या दिसतात. भिंगाची कडी फिरवून त्या एकमेकींवर बसवल्या की फोटो स्पष्ट येतो. पण कॅमेरा कुठे आपटला की हे गणित हुकतं. मग झाकण काढून आतला इवलासा स्क्रू हलक्या हाताने फिरवत ते पुन्हा जमवावं लागतं. लांबच्या अंतरासाठी बारीकराव खिडकीतून पाण्याची टाकी बघायचे. जवळच्या, म्हणजे बरोब्बर एक मीटरच्या अंतरासाठी बघायचे बायकोला.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. लग्न झालं त्या वर्षी त्यांनी दोरीने अंतर मोजून खुर्चीच्या पायांभोवती फरशीवर लाल रंगाने खुणा केल्या आणि समोर कॅमेऱ्याचा स्टँड कायमचा ठोकून टाकला. "अगं, ये जरा," अशी हाक आली की वहिनींनी हातातलं काम टाकून यायचं, खुर्चीला पाठ टेकून बसायचं आणि हलायचं नाही. वहिनींच्या नाकाच्या शेंड्यावर ठसठशीत तीळ होता. बारीकराव कडी एक मीटरवर ठेवून डोकावायचे. दोन तीळ दिसले की कॅमेरा बिघडलेला. स्क्रू फिरवता फिरवता एकच उरला की काम फत्ते.

"अहो, दूध उतू जातंय."

"जाऊ दे. हलू नकोस."

संसार असा मजेत चालला होता. निदान बारीकरावांचा तरी.

यंदा मात्र कधी नव्हे ते कॅमेरे परत यायला लागले. तक्रार सगळ्यांची एकच: जवळून काढलेल्या फोटोत चेहरा धुरकट आणि कान लख्ख. बारीकरावांनी फिल्मला नावं ठेवली, गिऱ्हाइकांच्या हातांना ठेवली, एका गृहस्थांना तर तुमचा चेहराच मुळात तसा आहे असं सुनावलं. पलीकडच्या गल्लीतल्या नर्सबाईंचा कॅमेरा दुसऱ्यांदा परत आला तेव्हा त्यांचा पारा चढला. बाईंची मुलगी शिकायला परदेशी निघाली होती, आणि जायच्या आधी तिचा एक धड फोटो बाईंना हवा होता.

"हा तिसऱ्यांदा परत आला ना, तर दुकानाचं शटर ओढून घेईन. कायमचं," बारीकराव म्हणाले.

शिंपीदादांनी मशीन थांबवून हे नीट ऐकून घेतलं. अशी वाक्यं पुढे उपयोगी पडतात.

आठवड्याभरात नर्सबाई हजर. त्यांनी फोटो टेबलावर मांडले. "कानातले डूल काय सुंदर आलेत बघा. आता पोरगी कुठे आहे ते दाखवा."

बारीकरावांच्या तोंडचं पाणी पळालं. शिंपीदादा गळ्यात टेप अडकवून दारात येऊन उभे होतेच. "मी ओढू शटर, की तुम्ही ओढताय?"

"थांब जरा. सगळ्यांसमोर तपासतो. अगं, ये जरा."

वहिनी आल्या, बसल्या. बारीकराव डोकावले. तीळ एकच. नर्सबाईंनी डोकावून पाहिलं, त्यांनाही एकच दिसला. ज्या एका कामाच्या जोरावर त्यांनी जन्मभर मान ताठ ठेवली, ते बरोबर असूनही चुकत होतं. बारीकरावांना अगदी रडू यायचं बाकी राहिलं.

"मी मोजून बघू का?" म्हणत शिंपीदादांनी कॅमेऱ्यापासून वहिनींच्या नाकापर्यंत टेप धरली. "मीटरला चार बोटं कमी भरतंय."

"तुझी टेपच खोटी. म्हणून तर तुझ्या विजारी आखूड होतात."

"बरं, टेप खोटी," म्हणत शिंपीदादा खुर्चीच्या मागे गेले. "वहिनी, पाठीला ही उशी कधीपासून लावताय?"

"थंडी पडली तेव्हापासून. पाठ धरते हो. बसवत नाही."

बारीकरावांचा मिटलेला डोळाही उघडला. उशीने नाक चार बोटं पुढे आलेलं, म्हणून फोटोत चेहऱ्याऐवजी चार बोटं मागचे कान लख्ख! "मला सांगायचंस ना."

"सांगितलं की. तुम्ही म्हणालात, हलू नकोस."

बारीकरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिच्या नाकावरचा तीळ त्यांनी हजारदा तपासला होता, आणि तिच्या पाठीमागची एवढी मोठी उशी दिसली नव्हती. ते उठले, सगळ्यांना बाहेर काढलं आणि शटर खाली ओढलं.

शिंपीदादांची गाळण उडाली. "अहो, थट्टा केली मी. एवढं काय मनावर घेता?"

"हिला डॉक्टरकडे नेतोय," बारीकराव म्हणाले.

डॉक्टरांनी पाठ दाबून पाहिली आणि औषधाआधी ताकीद दिली: एका जागी ताठ बसून राहायचं अजिबात नाही, हिंडतंफिरतं राहायचं. बारीकरावांनी मान डोलावली. धंद्याचं काय, हे विचारायचं धाडस झालं नाही.

घरी आल्यावर वहिनींनी खुर्चीवरची उशी काढली. "बसा."

"मी? माझ्या नाकावर कुठे तीळ आहे?"

वहिनींनी टेबलावरचं बॉलपेन उचललं आणि एक ठसठशीत तीळ काढला. मग नर्सबाईंचा कॅमेरा स्टँडवर चढवला, नाकापर्यंत दोरीने मीटर मोजून खुर्ची सरकवली, स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि डावा डोळा मिटला.

"अगं, हलक्या हाताने. अगदी एवढासाच फिरव."

"माहितीये. इतकी वर्षं इथे काय कान बंद करून बसत होते?"

नर्सबाईंच्या मुलीच्या पापण्यांचे केससुद्धा मोजून घ्यावेत असा फोटो आला, पण तो पुढे चार दिवसांनी. आत्ता बारीकराव ताठ बसून होते. नाकाला शाईची खाज सुटली होती. शटरच्या फटीतून शिंपीदादा वाकून बघत होते, ते वेगळंच. थोड्या वेळाने बारीकरावांची पाठ अवघडली.

"अगं, दूध उतू जातंय वाटतं."

"जाऊ दे," वहिनी कॅमेऱ्याआडून म्हणाल्या. "अजून दोन दिसतायत. हलू नका."