सरकी

नाना सर वर्गात आले की आम्ही आधी त्यांची पिशवी बघायचो. पुस्तक शेवटी निघायचं. आधी केळीची फणी, ज्वारीचं कणीस, नाहीतर चाळण. "शब्द हाताला लागला पाहिजे. नुसता पाठ केला तर परीक्षेच्या दारातूनच पळून जातो!" बोदवडजवळच्या आमच्या शाळेत दहावीला इंग्रजी ते एकटेच शिकवत. आणि त्या इंग्रजीत मी वर्गात सगळ्यात ढ. खोटं कशाला बोलू?

त्या वर्षी हेडमास्तरांनी फर्मान काढलं. निकाल पाडतील अशी सहा मुलं निवडायची आणि त्यांना सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावायचा, म्हणजे वर्गात न बसता परीक्षा बाहेरून द्यायची. यादी नाना सर करणार होते. आबांनी, माझ्या वडिलांनी, मला आधीच बजावलं होतं, "शाळेनं काढलं तं सरळ वावरात यायचं." माझा जीव टांगणीला लागला.

दुसऱ्या दिवशी पिशवीतून देशी कापूस निघाला. "सेपरेट! वेगळं करणं. आणि कशापासून वेगळं, तेही सांगायचं. सेपरेट द सीड फ्रॉम द कॉटन. चला, बोटं चालवा!" बोटं दुखेपर्यंत आम्ही सरकी काढली. टेबलावर दोन ढीग झाले.

"रुई वेगळी झाली. हा कचरा टाकू का?" सरकी ओंजळीत घेऊन सर खिडकीकडे वळले.

इंग्रजीच्या तासाला कधी तोंड न उघडणारी मी ताडकन उठले आणि घरच्या अहिराणीत ओरडले. "फेकू नका सर, पेरानी शे ती!"

वर्ग खो खो हसला. सर हसले नाहीत. त्यांनी सरकी खिशात टाकली आणि तास अर्ध्यावर सोडून ऑफिसात गेले. त्यांचा आवाज आमच्यापर्यंत येत होता. "बठ्ठी पोरं माझीच शेतस, सगळी! एकही बाहेर जाणार नाही. कच्च्या पोरांना मी सकाळी सातला शिकवतो."

आम्हा सहा कच्च्या मुलांना शिकवलंही, अगदी परीक्षेपर्यंत. सहातली पाच पास झालो. एक राहिला, निकाल घसरला, आणि हेडमास्तर नाना सरांशी वर्षभर बोलले नाहीत. सरांना त्याचं काही वाटलं नाही. राहिलेल्याला त्यांनी ऑक्टोबरला पुन्हा बसवलं.

सर निवृत्त झाले तेव्हा मी जळगावात शिक्षिका होते. पाया पडले आणि म्हटलं, "सर, तुम्ही त्या यादीत एकही नाव लिहिलं नाही, म्हणून मी आज इथे आहे."

सर खाली बघत म्हणाले, "यादी लिहिली होती गं बाई. त्या सरकीच्या दिवशी खिशातच होती. तुझं नाव पहिलं होतं."